क्वांटम हॅकेथॉनसाठी प्रश्न द्यायचाय? आधी तो लहान करा

साखर कारखान्याच्या शेती खात्याला, फाउंड्रीच्या मालकाला, दूध संघाला किंवा पतसंस्थेच्या मॅनेजरला एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजचं पत्र येतं: ‘आम्ही क्वांटम कॉम्प्युटिंगचा हॅकेथॉन घेत आहोत, आपल्या संस्थेतला एखादा खरा प्रश्न द्यावा.’ हॅकेथॉन म्हणजे मुलांच्या गटांनी दोन दिवसांत एखादा प्रश्न प्रोग्रॅम लिहून सोडवायची स्पर्धा. बहुतेक ठिकाणी ते पत्र कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाकडे जातं. ‘आम्हाला क्वांटममधलं काही कळत नाही’ म्हणून तो ते फाइलला लावतो आणि विषय तिथंच थांबतो. खरं तर पत्रात क्वांटमचं ज्ञान कुणी मागितलेलंच नसतं. मागितलेला असतो रोजच्या कामातला एक अडलेला निर्णय, त्याचे आकडे आणि आज तो कसा घेतला जातो याची प्रामाणिक माहिती. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात असे निर्णय रोज शेकड्यांनी होतात.

केंद्र सरकारनं १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंतच्या या मिशनची तरतूद ६,००३.६५ कोटी रुपयांची आहे. त्यातलं क्वांटम कॉम्प्युटिंगचं केंद्र बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएस्सी) आहे. यंत्र बनवणारी माणसं तिथं आहेत, पण उसाचा नंबर कुणाचा आधी लावायचा, कुठला व्हॉल्व्ह कधी सोडायचा, कुठल्या भट्टीत कुठली हीट (वितळवलेल्या धातूचा एक घाणा) आधी घ्यायची हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे.

यंत्र नेमकं काय करतं

साध्या कॉम्प्युटरचा बिट विजेच्या बटणासारखा असतो, चालू किंवा बंद. क्यूबिट मात्र मोजेपर्यंत या दोन्हींच्या मिश्रणात राहू शकतो, आणि अनेक क्यूबिट एकमेकांत गुंतवता येतात. अशा ३० क्यूबिटांची अवस्था कागदावर लिहायची तर १०७ कोटींहून जास्त आकडे लागतील. यावरून ‘क्वांटम कॉम्प्युटर सगळी उत्तरं एकदम तपासतो’ असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. मोजल्यावर हातात एकच उत्तर येतं. सगळं कसब गणिताची मांडणी करण्यात असतं. चुकीच्या उत्तरांच्या लाटा एकमेकींना मारतील आणि चांगल्या उत्तरांच्या लाटा एकमेकींना जोर देतील, अशी ती जमवावी लागते. तरीही एका फेरीत भरवसा नसतो, म्हणून तोच प्रोग्रॅम हजार-चार हजार वेळा चालवतात आणि आलेल्या उत्तरांतलं सर्वांत चांगलं उचलतात.

शिवाय यंत्र नाजूक आहे. सुपरकंडक्टिंग चिप निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतक्या तापमानात ठेवतात, तरी दोन क्यूबिटांना जोडणारी प्रत्येक क्रिया थोडी चुकते. समजा दर २०० क्रियांमागे एक चूक होते. मग ५०० क्रियांचा प्रोग्रॅम एकही चूक न होता पार पडण्याची शक्यता शंभरात फक्त ८ उरते. हा आकडा लक्षात ठेवावा, प्रश्न लहान का करायचा याचं अर्धं कारण तो आहे.

उरलेलं अर्धं कारण मुलांच्या लॅपटॉपमध्ये आहे. हॅकेथॉनमधलं बहुतेक काम खऱ्या यंत्रावर होतच नाही. क्विस्किट किंवा पेनीलेनसारख्या मोफत साधनांनी लॅपटॉपवरच क्वांटम कॉम्प्युटरची नक्कल करतात. ३० क्यूबिटांच्या पूर्ण नकलेला १६ जीबी मेमरी लागते आणि पुढं प्रत्येक क्यूबिटमागे ती दुप्पट होते. ३३ ला १२८ जीबी. म्हणजे साध्या लॅपटॉपवर २५-२६ क्यूबिटांच्या पुढं जाणं अवघडच. खऱ्या यंत्रावर वेळ मिळतो, पण थोडा. आयबीएमच्या मोफत योजनेत २८ दिवसांत १० मिनिटं, आणि त्यातही रांग.

कुठला प्रश्न चालतो, कुठला नाही

फाउंड्रीवाल्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो चार्जचा. भंगार किती, पिग आयर्न किती, फेरो-सिलिकॉन किती टाकलं म्हणजे ग्रेड बसेल आणि खर्च कमी येईल? प्रश्न महत्त्वाचा आहे, पण इथं तो देऊ नये. प्रमाणं हवी तशी कमी-जास्त करता येतात, त्यामुळे तो साध्या रेषीय गणितात बसतो आणि एक्सेलचा सॉल्व्हर क्षणात सोडवतो. क्वांटमला काही काम उरत नाही. ओतकामातले दोष फोटोवरून ओळखणं हाही मोहात पाडणारा विषय. पण अगदी २८ बाय २८ ठिपक्यांच्या चिमुकल्या फोटोतही ७८४ आकडे असतात, ते यंत्रात भरण्यातच सगळी ताकद जाते. मुलं मग फोटो ४ बाय ४ करतात, आणि त्यात ब्लोहोल (धातूत अडकलेल्या हवेचं भोक) काय दिसणार? फाउंड्रीनं द्यायचाच तर हीटच्या क्रमाचा द्यावा. एका ग्रेडवरून दुसऱ्या ग्रेडवर जाताना वेळ आणि धातू वाया जातो, मोल्ड तयार होऊन वाट बघत बसतात. ६-७ हीटचा क्रम लावणं हा ‘हे आधी की ते आधी’ असा निवडीचा प्रश्न आहे.

मूळ खूण हीच. उत्तर होय-नाही अशा निवडींच्या जुळणीत असेल आणि निवडी एकमेकींना अडवत असतील तर तो प्रश्न हॅकेथॉनला चालतो.

पाणीपुरवठ्यातला एक प्रश्न तर अगदी हातावर बसतो. बेळगाव शहराला पाणी राकसकोप आणि हिडकलहून येतं. पुढं वॉर्डातल्या जाळ्यात गळती शोधण्यासाठी दाब मोजणारी मीटरं बसवायची असली, तर प्रत्येक चौकात ती परवडत नाहीत. प्रत्येक पाइपाच्या निदान एका टोकाला मीटर हवं आणि एकूण मीटरं कमीत कमी हवीत. प्रत्येक चौकाला ‘मीटर आहे-नाही’ असं एक बटण. चौक २० असतील तर बटणं २०, म्हणजे क्यूबिटही २०. ‘दोन्ही टोकं रिकामी राहिली तर दंड’ हा नियम दोन बटणांतच मावतो, त्यासाठी वेगळे क्यूबिट लागत नाहीत. पाणी खात्याच्या इंजिनिअरनं एका वॉर्डाचा नकाशा चौकांना १ ते २० नंबर टाकून दिला की प्रश्न तयार.

दूध गोळा करणाऱ्या गाडीचा मार्ग सगळ्यांना आधी सुचतो, पण तो क्यूबिट खातो. कुठलं गाव कितव्या नंबरला हे लिहायला १० गावांना १०० बटणं लागतात, २० गावांना ४००. आणि साधा कॉम्प्युटर इथं फार पुढं आहे. ८५,९०० ठिकाणांच्या एका मार्गाचं अचूक उत्तर २००६ मध्येच साध्या कॉम्प्युटरांनी काढलं होतं. मार्गाचाच प्रश्न द्यायचा असेल तर एका गाडीची चार गावं द्यावीत, १६ बटणांत बसतात.

रेणूंचं गणित हा क्वांटमचा नैसर्गिक प्रांत, आणि बेळगावात पारंपरिक औषधांवर काम करणारी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) राष्ट्रीय संस्था आहे, त्यामुळे वनौषधीतल्या रेणूचा प्रश्न सुचणं साहजिक आहे. मापाचं भान मात्र हवं. अगदी साध्या मांडणीतही हायड्रोजनच्या रेणूला ४ क्यूबिट, पाण्याच्या रेणूला १४. झाडातलं अल्कलॉइड, म्हणजे औषधी गुणाचा मोठा रेणू, दोन दिवसांत आणि लॅपटॉपवर होणार नाही.

पतसंस्था आणि सहकारी बँकांसाठी वेगळी गोष्ट. मोठं क्वांटम यंत्र माहिती गुप्त ठेवण्याच्या आजच्या काही कुलूपपद्धती (एन्क्रिप्शन) तोडू शकेल हे गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्ये गणितानं दाखवलं, आणि अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं १३ ऑगस्ट २०२४ रोजी त्याला पुरून उरणाऱ्या नव्या पद्धतींची पहिली तीन मानकं जाहीर केली. ‘आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठं कुठं जुनी कुलूपं आहेत याची यादी करणारं साधन बनवा’ हा प्रश्न सोपा, उपयोगी आणि कुठल्याही क्वांटम यंत्राशिवाय होणारा आहे. आयोजकांनी त्याला वेगळा गट ठेवावा.

ऊसतोडीचं उदाहरण, शेवटपर्यंत

‘ऊसतोडीचं नियोजन क्वांटमनं सुधारावं’ एवढं लिहून पाठवलं तर मुलांचा अर्धा दिवस ‘म्हणजे काय’ यातच जातो. याच प्रश्नाची मांडणी अशी करावी.

८ फड (तोडायच्या उसाची शेतं) आहेत आणि ४ दिवस. कुठला फड कुठल्या दिवशी तोडायचा हा निर्णय. प्रत्येक फडाला प्रत्येक दिवसाचं एक बटण, म्हणजे ३२ बटणं. बटणं मोकळी सोडली तर जुळण्या सुमारे ४२९ कोटी. प्रत्येक फड एकदाच तोडायचा हा नियम लावला की उरतात ६५,५३६. साधा लॅपटॉप त्या डोळ्याचं पातं लवायच्या आत तपासतो. हे लपवू नये, उलट प्रश्नाच्या कागदावर लिहावं, म्हणजे क्वांटमचं उत्तर बरोबर की चूक हे ताडता येतं.

आता नियम. क्वांटमच्या नेहमीच्या मांडणीत ‘हे करायचं नाही’ असं थेट सांगता येत नाही, नियम मोडला की दंड लावायचा असतो. दंडाचा आकडा ठरवणं हे नाजूक काम आहे. आपण सांगितलं की डिझेल कमीत कमी लागावं आणि दंड हलका ठेवला, तर यंत्र सरळ उत्तर देतं: एकही फड तोडू नका, डिझेल शून्य. गणितानं ते बरोबरच असतं. दंड फार जड केला तर दोन चांगल्या योजनांतला पाच-दहा लिटरचा फरक त्या दंडापुढं दिसेनासा होतो. म्हणून शेती खात्यानं सांगावं की एक फड राहून गेला तर खरं नुकसान किती, रुपयांत किंवा टनांत. त्या आकड्यावरून मुलं दंड बसवतात.

सगळ्यात जास्त क्यूबिट वाया जातात ते टनांच्या नियमात. ‘दिवसाला ६० टनांपेक्षा जास्त तोड नको’ असं लिहिलं, तर किती टन शिल्लक राहिले हे मोजायला जास्तीची बटणं लागतात. हिशोब एकेक टनाचा ठेवला तर दिवसाला ६, चार दिवसांचे २४. किलोत ठेवला तर दिवसाला १६, चार दिवसांचे ६४, म्हणजे मूळ प्रश्नाच्या दुप्पट नुसते हिशोबालाच. पाच-पाच टनांच्या टप्प्यात ठेवला तर दिवसाला ४, एकूण १६. वजनकाट्यावर किलोपर्यंत पावती होते म्हणून प्रश्नातही किलो द्यायची गरज नाही. किती ढोबळ आकडा चालेल हे फक्त तुम्हीच सांगू शकता, आणि ते एक वाक्य मुलांचा अख्खा दिवस वाचवतं.

आणखी एक विचारून घ्यावं: ६० टन ही खरंच मर्यादा आहे की लक्ष्य? गव्हाण (कारखान्यात ऊस टाकायची जागा) उपाशी राहू नये आणि गाड्या गाडीतळावर तुंबू नयेत, तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा, नाहीतर वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. म्हणजे कारखान्याला खरं तर ‘६० च्या आसपास’ हवंय. तसं लिहिलं तर ६० पासून जितकं दूर तितका दंड, बस. जास्तीचं एकही बटण लागत नाही. एक शब्द बदलल्यानं ४८ बटणांचा प्रश्न ३२ वर येतो.

तरीही ३२ जास्तच आहेत. या मांडणीत बटणांच्या १६० जोड्या एकमेकींशी बांधलेल्या असतात. नेहमीच्या पद्धतीत एका थराला, म्हणजे सगळ्या नियमांच्या एका फेरीला, प्रत्येक जोडीमागे दोन क्रिया, म्हणजे ३२०. वर धरलेल्या ‘दर २०० क्रियांमागे एक चूक’ या हिशोबानं एकही चूक न होता पार पडण्याची शक्यता शंभरात २०. चिपवर दूरचे क्यूबिट जवळ आणायला लागणाऱ्या क्रिया यात धरलेल्याच नाहीत. हाच प्रश्न ४ फड आणि ३ दिवसांवर आणला की बटणं १२, जोड्या ३०, क्रिया ६०, आणि शक्यता शंभरात ७४. जुळण्या ८१, वहीत लिहून तपासता येतील इतक्या. म्हणून प्रत्येक प्रश्न तीन मापांत द्यावा: ४ फडांचा, ८ फडांचा आणि खरा, कारखान्याच्या शेती गटातल्या सगळ्या फडांचा. पहिला मुलांचे सगळे गट सोडवतील, दुसरा मोजकेच. तिसरा पुढं प्रश्न कसा फुगतो हे दाखवायला.

आकडे देताना

हॅकेथॉन बुडतो तो बहुतेक वेळा आकड्यांच्या तक्त्यात, आणि आपल्या भागात त्याची कारणं ठरलेली आहेत. क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहायची सवय आहे, २ एकर २० गुंठे म्हणजे वहीत २.२०. कॉम्प्युटर त्याचे दोन पूर्णांक वीस शतांश करतो. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे खरे अडीच. १२ टक्के क्षेत्र गायब होतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. एकर आणि गुंठे दोन वेगळ्या रकान्यांत द्यावेत.

गावांची नावंही तशीच. एका तक्त्यात बेळगाव, दुसऱ्यात बेळगावी. एकात हुक्केरी, दुसऱ्यात हुकेरी. कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तीन रजिस्टरांतून माहिती एकत्र केली की एका गावाची तीन गावं होतात. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड आहे, तो लावावा. तारखांत दिवस आधी की महिना आधी हे बघावं, ०५/११ ची लागण मे महिन्यात गेली तर पूर्वहंगामी उसाचं वय सहा महिन्यांनी चुकतं. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा हे शब्द बेंगळूरहून आलेल्या मार्गदर्शकाला माहीत नसतात, आणि खोडव्याला कन्नडमध्ये कूळे म्हणतात हे मराठी मुलांनाही माहीत असेलच असं नाही. शेवटी दहा-पंधरा शब्दांचा अर्थ दोन्ही भाषांत जोडावा.

शेतकऱ्याचं नाव, सर्व्हे नंबर, मोबाइल काही देऊ नये. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी गावात कुणाचा ऊस कधी गेला यावरून भांडणं होतात. नाव काढून फड-१, फड-२ केलं तरी नकाशावरचा बिंदू दिला तर मालक लगेच ओळखू येतो. म्हणून बिंदू नको, फक्त अंतरांचा तक्ता द्यावा: फडापासून कारखाना किती किलोमीटर, एका फडापासून दुसरा किती. गणिताला तेवढंच लागतं. रुग्णालयांनी रुग्णांची माहिती नाव काढूनही देऊ नये, ऑपरेशन थिएटरच्या वेळापत्रकाचा प्रश्न बनावट पण खऱ्यासारख्या आकड्यांवर छान चालतो.

एका पानात

आयोजकांनी संस्थांना एकच पान भरायला द्यावं आणि त्यावर ‘क्वांटम’ हा शब्द कुठंही विचारू नये. निर्णय कुठला आणि तो कोण घेतं, दिवसातून की आठवड्यातून. कुठले नियम मोडताच येत नाहीत आणि कुठले थोडे वाकतात. चांगलं उत्तर कशावरून ओळखायचं, एकाच आकड्यात. दोन-तीन आकडे असले तर एकाच्या बदल्यात दुसरा किती सोडाल. आज हे काम कसं होतं आणि त्याचा निकाल काय, मागच्या एका खऱ्या आठवड्याचा. शेवटी एका माणसाचं नाव, जो त्या दोन दिवसांत फोन उचलेल. तो शेती अधिकारी किंवा चिटबॉय (फडावर तोडीची चिठ्ठी देणारा कर्मचारी) असावा, मॅनेजर नव्हे. मुलं रात्री अकराला विचारतील, ‘एक फड दोन दिवसांत अर्धा-अर्धा तोडला तर चालतो का?’ याचं उत्तर फडावर जाणाऱ्यालाच माहीत असतं, आणि उत्तर ‘हो’ आलं तर सगळी मांडणी बदलते.

पान हॅकेथॉनच्या निदान पाच-सहा आठवडे आधी हातात हवं. पहिल्या दोन आठवड्यांत आयोजकांचा एक प्राध्यापक आणि संस्थेचा माणूस बसून बटणं मोजतात, मग तक्ते स्वच्छ करतात. नंतर सर्वांत लहान माप एकानं स्वतः सोडवून बघावं, तसं न करता प्रश्न मुलांपुढं ठेवू नये. मुलांनी लिहिलेला प्रोग्रॅम कुणाचा, संस्थेला तो पुढं वापरता येईल का, हेही त्याच पानावर आधी ठरावं. बक्षीस वाटून झाल्यावर हा वाद काढणं मुलांवर अन्याय आहे.

संस्थेनं काय अपेक्षा धरावी तेही स्वच्छ सांगायला हवं. आजच्या क्वांटम यंत्रांकडून तोडणीचा तयार कार्यक्रम मिळणार नाही, आणि जो तसं सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. मिळतं ते असं: निर्णय पहिल्यांदाच नीट नियमांत लिहिला जातो, तक्ते साफ होतात, आणि तुलनेसाठी साध्या कॉम्प्युटरवर काढलेलं उत्तर हातात राहतं. गूगलचं ओआर-टूल्स हे मोफत साधन त्यासाठी पुरतं, आणि बऱ्याचदा ते उत्तरच सोमवारपासून वापरता येतं.

म्हणून परीक्षकांसमोर प्रत्येक गटानं तीन आकडे शेजारी-शेजारी ठेवावेत: आजच्या पद्धतीचा, साध्या कॉम्प्युटरच्या सर्वोत्तम उत्तराचा आणि क्वांटमचा. मधला आकडा नसेल तर तो गट कितीही सुंदर सादरीकरण करो, त्याला पहिलं बक्षीस देऊ नये. आणि संस्थेनं मागच्या हंगामातला एक आठवडा मुलांना न देता आपल्याजवळ ठेवावा. दुसऱ्या दिवशी दुपारी, सादरीकरणाच्या दोन तास आधी, तो सगळ्या गटांना एकदम द्यायचा. ज्यांनी नियम खरंच मांडलेत त्यांचा प्रोग्रॅम नव्या फडांवरही चालतो. ज्यांनी दिलेल्या ४ फडांचं उत्तर आत लिहून ठेवलंय, त्यांचा तिथंच अडकतो.